वाट अडली म्हणजे देवाने 'नाही' म्हटलं, असं समजायचं का?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून मला तो कसा समजला ते आधी सांगतो. तुम्ही जीएनएम (परिचर्या आणि प्रसूतीशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम) झालेल्या परिचारिका आहात. जर्मनीला जायचं हे तुम्ही प्रार्थना करून ठरवलंत आणि रात्रपाळ्या सांभाळून जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा पास झालात. त्यानंतर मात्र एकामागून एक अडचणी आल्या. बोलणं पक्कं झालेल्या रुग्णालयाने माघार घेतली. दुसरीकडे जमलं, तर अनुभवाच्या दाखल्यातल्या तारखा जुळत नाहीत म्हणून फाइल परत आली. त्यात वडिलांना अर्धांगाचा झटका आला. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मावशी म्हणतात, 'देवाने दार बंद केलंय, आता हट्ट सोड.' उपवास-प्रार्थनेच्या गटातले भाऊ म्हणतात, 'हे सैतानाचं काम आहे, मागे हटू नकोस.' एजंट म्हणतो, दुसऱ्या रुग्णालयाच्या लेटरहेडवर दाखला करून देतो. आणि अगदी शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली आहे: आता प्रार्थनेला बसवतच नाही.

'जाऊ की नको' हा तुम्ही विचारलेला प्रश्न. त्याच्या खाली मला दुसरा दिसतो. ज्या देवाने ही वाट दाखवली असं वाटलं होतं, त्याच्यावर आता विसंबायचं कसं? पाळक म्हणून इतकी वर्षं माणसांबरोबर बसताना मी पाहिलं आहे की या दोन प्रश्नांची गल्लत झाली की माणूस दोन्हीकडून अडकतो. पहिल्याचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. वडील किती सुधारतील, त्यांच्याजवळ राहणारं दुसरं कोण आहे, डोक्यावर कर्ज किती आहे, यावर ते बरंच अवलंबून आहे. पण विचार कसा करायचा आणि प्रभूचा हात धरून कसं राहायचं, याबद्दल मला नक्की काही सांगायचं आहे.

माझं म्हणणं असं की अडथळा स्वतः काहीच बोलत नाही. आपण त्याच्या तोंडी शब्द घालतो. मावशींनी 'नाही' घातला, भावांनी 'लढ' घातला. दोघांचं तुमच्यावर प्रेम आहे यात मला शंका नाही. पण अडथळा पाहून देवाचं मन थेट वाचता येतं हे दोघांनीही गृहीत धरलं आहे, आणि पवित्र शास्त्र आपल्याला तसं शिकवत नाही.

प्रेषित पौलाकडे पाहा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात त्याला आसिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने मना केलं. शेजारच्या बिथुनिया प्रांतात जायचा प्रयत्न केला, तिथेही येशूच्या आत्म्याने जाऊ दिलं नाही. थेस्सलनीकाकरांना मात्र तो लिहितो की तुमच्याकडे यायची मला फार इच्छा होती, पण सैतानाने आम्हाला अडवलं. आणि रोमकरांना, पंधराव्या अध्यायात, सांगतो की तुमच्याकडे येण्यात मला पुष्कळदा अडथळा आला. तिथलं कारण ना आत्मा ना सैतान. जिथे ख्रिस्ताचं नाव पोहोचलं नव्हतं तिथलं हातातलं काम संपलं नव्हतं, एवढंच. माणूस एकच, वाट पुन्हा पुन्हा अडली, आणि कारणं तीन वेगळी सांगितली आहेत. एकच सूत्र सगळीकडे लावलं नाही.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 12 व्या अध्यायातला 'काटा' तर याहून अवघड आहे. पौल त्याला सैतानाचा दूत म्हणतो, आणि त्याच वाक्यात म्हणतो की मी चढून जाऊ नये म्हणून तो मला देण्यात आला. म्हणजे मावशींचं आणि भावांचं, दोन्ही म्हणणी एकाच काट्यात. तो काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच उत्तर मिळालं. काटा कुठून आला हे आधी सिद्ध कर, मग कृपा देतो, असं प्रभू म्हणाला नाही. म्हणून 'देवाकडून की सैतानाकडून' हा वाद आजच निकाली निघाला पाहिजे, हे ओझं आधी खाली ठेवा. तो निकाली न निघताही विश्वासूपणे पुढचं पाऊल टाकता येतं.

उलट बाजूही लक्षात घ्या. वाट मोकळी असणं हीसुद्धा देवाची सही नव्हे. देवाने निनवेला जा म्हटलं असताना संदेष्टा योना ते सोडून याफोला गेला, तर बंदरात तार्शीशला जाणारं तारू तयारच होतं. त्याने भाडं भरलं आणि चढला, कुठेही अडचण आली नाही. आणि पौल दृष्टांत पाहून, आज्ञा मानून मासेदोनियाला गेला, तर तिथल्या फिलिप्पै शहरात लुदिया नावाच्या बाईच्या घरी आसरा मिळाला खरा, पण मग फटके आणि तुरुंगही मिळाला. आज्ञा मोडणाऱ्याला जागा सहज मिळाली आणि आज्ञा पाळणाऱ्याचे पाय खोड्यात अडकले. परिस्थिती सोपी की अवघड यावरून देवाची इच्छा ठरवायची असती, तर या दोघांचं आपण नेमकं उलटं वाचलं असतं.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातली दोन उदाहरणं मी अशा वेळी आवर्जून सांगतो, कारण त्यांची तोंडं दोन दिशांना आहेत.

पंडिता रमाबाईंनी 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना भारतीय स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांची गरज ठामपणे मांडली होती. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या स्वतः वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून. हेतू चांगला, बुद्धी असामान्य. पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण त्यांना घेता आलं नाही. ती योजना तिथेच संपली. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या ख्रिस्ती धर्मभगिनींकडे त्यांचा बाप्तिस्मा झाला, चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकवलं, आणि 1889 मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथेही सरळ चाललं नाही. मुलींना ख्रिस्ती केलं जातं या आरोपावरून 1893 मध्ये झालेल्या वादात अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. 1896 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या, तर पाठोपाठ पुण्यात प्लेगची साथ आली आणि मुलींना केडगावच्या शेतावर हलवावं लागलं. आज आपण ज्याला मुक्ती मिशन म्हणतो ते त्या शेतावर उभं राहिलं. त्यांचा बहिरेपणा देवाने मुद्दाम पाठवला असं मी कधीच म्हणणार नाही, तुम्हीही वडिलांच्या आजाराबद्दल म्हणू नका. मी पाहतो ते इतकंच की डॉक्टर होणं शक्य नाही हे कळल्यावर त्या योजनेला कवटाळून बसल्या नाहीत आणि देवालाही सोडलं नाही. स्त्रियांचं दुःख हलकं करायचं हे मूळ बोलावणं तेच राहिलं, त्याचं रूप बदललं.

दुसरं उदाहरण गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांचं. हे अमेरिकन मिशनरी 1812 मध्ये कलकत्त्याला उतरले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडायला सांगितलं. ते फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला पोहोचले, तर इथेही परत पाठवण्याचा हुकूम. सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) निघाले, तर कोचीनला अडवून मुंबईला परत आणलं. आता इतकी दारं बंद झाल्यावर मावशींनी काय सल्ला दिला असता? पण हॉलनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना अर्ज लिहिला, आपली बाजू सरळ मांडली, आणि वर्षाच्या शेवटी हुकूम थांबला. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती. पुढे 1831 पासून अहमदनगरला जे काम उभं राहिलं, ज्यात आपल्यापैकी कितीतरी घराण्यांची मुळं आहेत, त्याची वाट या अडवलेल्या माणसांतून आली. त्याच वेळी कलकत्त्याहून निघावं लागलेले त्यांचे सोबती अडोनायरम जडसन ब्रह्मदेशाला गेले आणि तिथेच आयुष्य घालवलं. एकच हुकूम, पण एक मुंबईला चिकटून राहिला आणि दुसरा भलत्याच देशात रुजला. दोघांपैकी कोणी चुकला असं मला म्हणता येत नाही.

म्हणून तुमच्या अडचणी मी एका गाठोड्यात बांधणार नाही. तुम्ही त्यांची बेरीज करून 'इतकं सगळं होतंय म्हणजे...' असं वाक्य पुरं करता आहात. बेरीज सोडा. एकेक वेगळी घ्या.

रुग्णालयाने माघार घेतली, हा बाजाराचा भाग आहे. परदेशी मालक करार बदलतात, पदं रद्द करतात. त्यात आध्यात्मिक अर्थ शोधत बसू नका.

दाखल्याच्या तारखा ही कागदाची चूक आहे, आणि कागदाची चूक कागदाने दुरुस्त होते. जुन्या रुग्णालयाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, पगार जमा झाल्याचा बँकेचा उतारा, पीएफ कापला जात असेल तर ईपीएफचं पासबुक, हे सगळं जोडून खऱ्या तारखा दाखवता येतात. यासाठी चाळीस दिवसांच्या उपवासाची गरज नाही, चार वेळा हेलपाटे घालायची तयारी हवी. आपल्या लोकांत एक सवय आहे. जे काम अर्ज करून होण्यासारखं आहे त्यासाठी आपण चमत्कार मागतो, आणि तो झाला नाही की देवावर रुसतो.

एजंटाचा दाखला. ताई, इथे मात्र मी 'परिस्थितीवर अवलंबून आहे' असं अजिबात म्हणणार नाही. तुम्ही लिहिलंत, 'कदाचित देवच या मार्गाने दार उघडत असेल.' नाही. जिथे देवाने आधीच स्पष्ट बोललं आहे तिथे मार्गदर्शन शोधायचं नसतं. खोट्या साक्षीविरुद्ध आज्ञा आहे, आणि ज्या रुग्णालयात तुम्ही एकही पाळी केली नाही तिथला अनुभव लिहिणं ही खोटी साक्षच. शिवाय तुम्ही परिचारिका आहात. ज्या विभागाचा अनुभव तुम्हाला नाही तो कागदावर असेल, तर उद्या तिथला रुग्ण त्या कागदावर विश्वास ठेवून तुमच्या हाती येईल. हे याफोच्या बंदरातलं तारू आहे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहा. पावती न देता पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आमच्या भागात अशा लोकांच्या नादाने जमिनी गहाण पडलेली ख्रिस्ती कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्या प्रत्येक घरात सुरुवातीला 'प्रभूने दार उघडलं' अशी साक्ष उभी राहून दिली गेली होती.

आता वडील. हा खरा प्रश्न आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

हा अडथळा दाराचा नाही, माणसाचा आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने परुश्यांना कुर्बानवरून झापलं आहे. आईबापांना जे द्यायचं ते 'देवाला अर्पण' म्हणून मोकळं व्हायचं, ही त्यांची युक्ती त्याला सहन झाली नाही. म्हणजे 'माझं बोलावणं आहे' या नावाखाली आजारी बापाकडे पाठ फिरवता येत नाही. जे भाऊ 'मागे हटू नकोस' म्हणतात त्यांनी वडिलांना अंघोळ कोण घालणार हेही विचारायला हवं होतं. पण याचा अर्थ 'म्हणून जाणं कायमचं रद्द' असाही आपोआप होत नाही. तुम्ही स्वतः जाणता की झटक्यानंतरचे पहिले काही महिने व्यायामाच्या, फिजिओथेरपीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. ते महिने तुम्ही घरी राहिलात तर योजना मोडली असं नव्हे, ती थोडी लांबली. तोवर वडील कुठपर्यंत येतात ते दिसेल. बी-टूचं प्रमाणपत्र किती काळ ग्राह्य धरतात ते मालकाला मेल करून विचारा, म्हणजे हातात किती वेळ आहे ते कळेल.

तुमच्या पत्रात एका भावाचा ओझरता उल्लेख आहे, छत्रपती संभाजीनगरला नोकरीला आहे असा. त्याच्याशी या विषयावर कोणी बोललं आहे का? त्याला दुबईची नोकरी लागली असती आणि वडील आजारी पडले असते, तर 'देवाने दार बंद केलं' असं मंडळीत कोणी त्याला म्हटलं असतं का? मला शंका आहे. मुलीच्या बाबतीत आपण रूढीला फार पटकन देवाची इच्छा म्हणतो. सेवा ही दोघांची जबाबदारी आहे. पैसा कोणी द्यायचा, वेळ कोणी द्यायचा, हे तुम्ही दोघांनी आईसमोर बसून ठरवा. आणि वडिलांना बोलता येत असेल, निदान मान हलवता येत असेल, तर त्यांना विचारा. सगळे त्यांच्याबद्दल बोलत आहेत, पण त्यांना काय हवं ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. मी ज्या आजारी बापांजवळ बसलो आहे त्यांतल्या अनेकांना सर्वांत मोठं दुःख हे होतं की आपल्यामुळे लेकरू अडकलं.

मग मार्गदर्शन मिळतं तरी कसं? माझ्या अनुभवात ते एका खुणेतून क्वचित येतं. शास्त्ते पुस्तकातल्या गिदोनाने लोकर ठेवून खूण मागितली ती देवाने काय करायचं ते सांगून झाल्यावर. तिथे देवाचा धीर दिसतो, आपल्यासाठी ती पद्धत म्हणून सांगितलेली नाही. मी स्वतः तीन ठिकाणांहून येणारं एकत्र ठेवतो: वचन काय मान्य करतं आणि काय नाही, आपल्याला चांगलं ओळखणारी आणि आपल्या निर्णयातून ज्यांचा काही फायदा नाही अशी प्रौढ विश्वासातली माणसं काय म्हणतात, आणि काही काळ वाट पाहिल्यावर मनातली ओढ टिकते की नुसतीच घाई होती म्हणून विरते. तिन्हींचा कल एका बाजूला दिसला की मी लोकांना निर्णय घ्यायला सांगतो, आणि याकोबाने चौथ्या अध्यायात शिकवल्याप्रमाणे 'प्रभूची इच्छा असेल तर' हे मनापासून म्हणायला. याकोब योजना करू नका असं म्हणत नाही, उद्याचा दिवस आपला आहे असं समजू नका म्हणतो. स्तोत्र 119 मध्येही वचनाला पावलांसाठी दिवा म्हटलं आहे. दिव्याने पुढची चार पावलं दिसतात, सगळा घाट दिसत नाही. तुम्हाला आज जर्मनीचा निर्णय दिसत नसेल, पण दाखल्याचा अर्ज आणि भावाशी बोलणं ही दोन पावलं स्वच्छ दिसत आहेत.

राहता राहिली ती शेवटची ओळ. प्रार्थनेला बसवत नाही, याची मला तुमच्या व्हिसापेक्षा जास्त काळजी वाटते. याचं एक कारण मला असं दिसतं की तुम्ही योजनेवर ठेवलेला भरवसा आणि देवावर ठेवलेला भरवसा हळूहळू एकच होऊन बसले. हे चांगल्या, मेहनती विश्वासणाऱ्यांच्या बाबतीत फार होतं. मग योजना डळमळली की देवही गेला असं वाटतं. बाबेलच्या राजाच्या मूर्तीला नमन न केल्याबद्दल भट्टीत टाकायला उभे केलेले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला म्हणाले की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि लगेच म्हणाले की त्याने तसं केलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. त्यांचा भरवसा सुटकेच्या खात्रीवर उभा नव्हता. मी तुम्हाला आजच तिथे पोहोचा असं सांगत नाही. तिथवर जायला वेळ लागतो, आणि तो वेळ प्रभू देतो.

तोवर स्वतःचे शब्द सापडत नसतील तर उसने घ्या. तेरावं स्तोत्र 'किती वेळ?' अशा तक्रारीनेच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेचं एकही वाक्य नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ते मोठ्याने वाचा, रडू आलं तर येऊ द्या. तीही प्रार्थनाच आहे, आणि ती ऐकली जाते. आणि अशा कोरड्या, काळोख्या दिवसांत मोठा निर्णय फिरवू नये, हा सोळाव्या शतकातले संत इग्नेशियस लोयोला यांचा जुना सल्ला मी स्वतः पाळतो आणि इतरांना देतो. म्हणून 'जाणार नाही' असं कोणालाही आत्ताच कळवू नका. 'जाणारच' असंही नको.

उपवास-प्रार्थनेच्या गटाचं बोलावणं स्वीकारायचं का, असंही तुम्ही विचारलं आहे. जरूर जा, एकट्या राहू नका. फक्त त्यांना प्रार्थनेचे विषय तुम्ही लिहून द्या: बाबांचा उजवा हात, जुन्या रुग्णालयातल्या कारकुनाने अर्ज पुढे सरकवावा, भावाचं मन, आणि एजंटाला नाही म्हणायचं बळ. तुमच्या गावात बोलायला कोणी पाळक किंवा पाळकीण नसेल तर कळवा. त्या भागात माझ्या ओळखीचे सेवक आहेत, घरी येऊन बाबांसाठीही प्रार्थना करतील.